वृद्धाश्रमाची पारख

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातील १९ व्या कलमानुसार राज्य शासनास प्रत्येक जिल्ह्यात, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारता येतो. आश्रमाचा दर्जा मात्र केवळ खाटांच्या संख्येवरून ठरत नाही.

आश्रम पाहावयाचा तो पूर्वसूचना न देता व जेवणाच्या वेळी. शौचालयात आधाराचे कठडे आहेत काय, रात्री हाक मारल्यास कोणी येते काय, औषधांची नोंद रोज होते काय, प्रकृती बिघडल्यास रुग्णालयात कसे नेतात, याची चौकशी करावी. शुल्क व ते परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक कसोटी लावणे अगत्याचे आहे. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागांत अनेक वृद्धांची बोली पावरी वा भिली आहे. त्यांनी सांगितलेले दुखणे ऐकणाऱ्यास उमगले नाही, तर उपचार चुकण्याचा धोका संभवतो. म्हणून ती बोली जाणणारी व्यक्ती सेवकवर्गात दिवसा व रात्रीही असावी.

अखेरीस, तेथील रहिवाशांशी सेवकांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि ज्यांना तेथे राहावयाचे आहे त्या वृद्धांची संमती घेऊनच निर्णय करावा.