थ्री-नॉट-थ्रीचें रिकामें काडतूस

जुन्या घरांतील लांकडी पेटी झाडतांना कधीं कधीं बोटभर लांबीचें, बाटलीसारख्या मानेचें एखादें पितळी नळकांडें हातीं येतें. त्याच्या बुडावर ‘के एफ’ अशीं इंग्रजी अक्षरें असलीं, तर तें पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यांत घडलें असें समजावें. हा कारखाना १८६९ सालीं निघाला. असलें नळकांडें पुनः भरतां येईल काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

१८२५ सालीं औट्रम यांनीं धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली, तेव्हां बंदुका ठासणीच्या होत्या. दारू व गोळी तोंडाकडून घालून गजानें ठांसावी लागे. प्रत्येक बारानंतर पुनः भरणें हें शिपायाचें नित्यकर्मच होतें. १८५७ सालीं ज्या एन्फील्ड काडतुसांवरून असंतोष भडकला, तींही कागदाचींच होतीं. बार उडाला कीं पुनः वापरण्याजोगें कांहीं उरत नसे.

पितळी काडतुसानें ही स्थिति पालटली. त्याचे भाग चार: पितळी घर, बुडांतील टोपी, दारू व गोळी. थ्री-नॉट-थ्री म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकीं ३०३ भाग. १८८८ सालीं हें काडतूस आलें, तेव्हां त्यांत काळी दारू असे. लवकरच कॉर्डाइट आलें. १९१० सालच्या सातव्या नमुन्याची गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे तोळ्यास अवघी सहा ग्रेन कमी. ती सेकंदास सुमारें २४४० फूट वेगानें निघे.

बार झाल्यावर घर तेवढें शिल्लक राहतें. पण जळलेली टोपी काढावयाची कशी? बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतींत बुडाच्या मध्यभागीं एकच छिद्र असतें. आंतून सुई दाबली कीं टोपी बाहेर पडते. बर्डन या अमेरिकनाच्या पद्धतींत लहान छिद्रें बाजूस असतात व मधली ऐरण घराचाच भाग असते, त्यामुळें सुई चालत नाहीं. मौज अशी कीं, ब्रिटिश लष्करानें बहुधा अमेरिकनाची रीत धरली आणि अमेरिकेनें इंग्रजाची!

खरा धोका मात्र पितळांतच आहे. ली-एन्फील्ड रायफलींत चिखलमातीनें काडतूस अडकूं नये म्हणून त्याची जागा जरा सैल ठेवलेली असते, आणि खटका मागच्या बाजूस अडकतो. बार होतांच घराचा पुढील भाग नळीस घट्ट चिकटतो, बूड मात्र किंचित् मागें सरतें. मधलें पितळ ताणून पातळ होतें. पुनः भरलें कीं पुनः ताण. कांहीं बारांनंतर बुडाच्या वर चकचकीत वलय उमटतें. तेथेंच आंतून चीर पडलेली असते. तीच फुटली तर तप्त वायु मागें, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. बाहेरून अखंड दिसणारें घर आंतून निकामी असूं शकतें, तें असें.

जुन्या टोप्यांतील क्षार जळल्यावर मिठासारखा ओलावा धरतो. म्हणून नेमबाजीनंतर शिपाई नळींत उकळतें पाणी ओतीत. न ओतल्यास पावसाळ्यांत नळी गंजलीच म्हणून समजावें.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतूस बनवणें वा बाळगणें गुन्हा आहे. पेटींतील नळकांड्याच्या तोंडाशीं गोळी असेल किंवा बुडांतील टोपीवर ठोक्याची खूण नसेल, तर तें जिवंत समजावें. मुलांनीं त्यास हात न लावतां वडिलांस सांगावें, व वडिलांनीं तें स्वतः न उचलतां पोलीस ठाण्यास कळवावें. छात्रसेनेंतील मुलांस तर ठाऊकच आहे, कीं नेमबाजी संपल्यावर मैदानांतील रिकामीं नळकांडीं वेंचून, मोजून परत द्यावीं लागतात.