भजनाला माइक कोणता?

प्रश्न : भजनी मंडळासाठी माइक घ्यायचाय. कंडेन्सर महाग, म्हणून आवाजही सरस, असं सांगतात. खरं का?
– एक वाचक, अष्टमी (ता. रोहा)

उत्तर : स्टुडिओत बऱ्याचदा खरं, देवळात नाही. कंडेन्सर टाळ, पखवाज, वरचा पंखा, सगळंच टिपतो. शिवाय त्याला बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तुम्ही निर्धास्तपणे कार्डिऑइड डायनॅमिक घ्या. १९६६ पासूनचा शुअर एसएम ५८ याच जातीचा. (नकली फार, बिल घ्याच!) बुवांचे हात पेटीवर, तेव्हा माइक स्टँडवर, ओठांपासून चार बोटं. कुणी हातात धरलाच, तर जाळी मुठीत झाकू नये, शिट्टी वाजते. स्पीकर गायकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. वायरलेस सोयीचा, पण बॅटरी ऐन गजरात संपते. वायरचा एक हाताशी असू द्या.