जीपच्या टपावरचा भोंगा आणि वायरलेसचा निरोप



गाळप हंगाम तोंडावर आला की सास्तूर गटाच्या सभेत एक प्रश्न हमखास निघतो. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, मग शेतकी खात्याच्या जीपमध्ये वायरलेस कशाला आणि टपावर भोंगा कशाला? प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचाच आहे, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे.

मोबाईलवर एक माणूस एकाच माणसाशी बोलतो. समजा गव्हाणीत बिघाड झाला आणि मिल थांबली. 'तोड थांबवा' हा निरोप सगळ्या गटांना एकाच वेळी जायला पाहिजे. एकेका मुकादमाला फोन लावत बसलं तर शेवटच्या टोळीपर्यंत पोचेस्तोवर दोन-चार ट्रॉल्यांचा ऊस आडवा झालेला असतो. ग्रुपवर निरोप टाकता येतो हे खरं, पण हातात कोयता असलेला माणूस तो बघणार कधी? तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आपण दरवर्षी सांगतो. उशीर झाला की उन्हाने वजन घटतं आणि उसातली साखर मोडून उताराही घसरतो. वजनाची तूट थेट तुमच्या बिलात येते. उताऱ्याची तूट कारखान्याची, म्हणजे फिरून आपलीच.

दुसरं कारण सास्तूरकरांना समजावण्याची गरज नाही, पण नव्या पिढीसाठी लिहितो. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी आणि आसपासची दगडमातीची गावं जमीनदोस्त झाली, साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. अशा वेळी खांब, तारा आणि टॉवर यांच्या भरवशावरची सोय आधी कोलमडते. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात हौशी बिनतारी चालकांनी आपल्या सेटवरून निरोप पोचवले, ते यामुळेच. गाडीतला सेट गाडीच्याच बॅटरीवर चालतो, आणि एका सेटवरून दुसऱ्या सेटवर मध्ये टॉवर नसतानाही बोलता येतं. मात्र मध्ये टेकाड किंवा मोठा उतार आला की पल्ला कमी होतो, हेही तितकंच खरं.

आता भोंग्याकडे वळू. 1928 साली अमेरिकेत डेट्रॉईटच्या पोलीस गाड्यांत बिनतारी बसली तेव्हा गाडीला फक्त ऐकता येत होतं, उलट बोलता येत नव्हतं. आपली अडचण वेगळी. बोलता येतं, पण ऐकायला गाडीत कोणीच नसतं! जीप बांधावर, अधिकारी आणि चिटबॉय फडात, आणि सेट आपला केबिनमध्ये एकटाच ओरडतोय. म्हणून सेटचा आवाज बाहेर काढायचा.

इथे बहुतेकांची समजूत अशी की जास्त वॅट म्हणजे जास्त लांब. तसं नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, आणि अंतर दुप्पट झालं की मोकळ्या रानात 6 डेसिबलने उतरतो. चांगला भोंगा एका वॅटवर एक मीटर अंतरावर 110 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तोच 100 मीटरवर 70 राहतो. माणसाचं समोरासमोरचं साधं बोलणं 60 च्या घरात असतं. याचा अर्थ, सेटमधून निघणारे तीन-चार वॅटच फडापर्यंत पुरतात, फक्त भोंग्याचं तोंड फडाकडे हवं. वरातीतले मोठे बॉक्स यासाठी निरुपयोगी. बिनतारीवर बोलण्यापुरताच मधला आवाज येतो, तो भोंग्यातूनच खणखणीत निघतो.

वाहतूकदार बंधूंनी जोडणीचं नीट ध्यानात धरावं. जुन्या गाडीत स्पीकरची एक वायर चासीला 'अर्थ' करायची सवय आहे. आजच्या पुष्कळ सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी चालू असतात. त्यातली एक चासीला लागली की आतला आवाजाचा भाग जळतो. म्हणून दोन्ही वायरी थेट भोंग्यापर्यंत न्या. भोंग्यावर लिहिलेले ओहम सेटला लागतात त्यापेक्षा कमी नसावेत. जास्त असले तर आवाज थोडा कमी येईल, नुकसान नाही. देवळावर लावतात तो 100 व्होल्ट लाइनचा भोंगा तसाच जोडू नका. बॅटरीजवळ फ्यूज घाला. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकतं ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी साचून आतला पडदा जातो. आणि केबिनमध्ये एक बटण हवंच. गाडी रस्त्याला लागली की बाहेरचा आवाज बंद, आतला चालू.

कायद्याचंही सांगतो. वायरलेस सेट परवान्यावर चालतात. कोणी आपल्या मनाने विकत आणून ट्रॅक्टरवर बसवू नये. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. त्यांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक आणीबाणी सोडली तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो वाजवता येत नाही. तोडणी मजुरांच्या कोप्यांपाशी हे जास्तच पाळावं. पहाटे उठून फडावर जाणाऱ्या बायामाणसांची झोप मोडायचा आपल्याला काय अधिकार?

माझ्या मते सगळ्यात नाजूक गोष्ट निराळीच आहे. केबिनमध्ये ऐकलेला शब्द केबिनमध्ये राहतो. भोंग्यावरचा शब्द शिवारभर होतो. अमक्याचा ऊस जळाला, तमक्याची पाळी मागे गेली, एवढं कानावर पडलं की बांधाबांधावर चर्चा सुरू. पुढे तेच भांडण गट कार्यालयात येतं. त्यामुळे हवेवर सभासदाचं नाव घ्यायचं नाही, गट नंबर आणि टोळी नंबर सांगायचा. निरोप दोनदा सांगायचा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा. वजन, उचल, बिल या गोष्टी तिथे बोलायच्याच नाहीत. क्रमपाळी बदलली असेल तर ती आधी फलकावर लागावी, भोंग्यावर नंतर.

माकणीकडच्या बाजूला आणि ओढ्याकाठच्या खोलगट रानांत निरोप तुटक येण्याची शक्यता धरून चालावं. अशी जागा आपल्या शिवारात असेल तर सभासदांनी तोड सुरू होण्याआधी गट नंबरासह गट कार्यालयात नोंदवावी, म्हणजे जीप कोणत्या बांधावर उभी करायची ते ठरवून ठेवता येईल.