बाबांची गाडी, तुझा हात

कराड

चि. चिऊ,



पक्कं लायसन्स आल्याचा फोटो पोचला. लायसन्सवरच्या फोटोत माणूस फरारी आसामीसारखा दिसतो, तशीच तूही दिसतेस, म्हणजे कार्ड अस्सल आहे. खाली तू विचारलं आहेस, "मामा, बाबांच्या पॉलिसीत माझं नाव घालायला किती पैसे पडतील?" फोनवर सांगितलं असतं तर 'हो हो' म्हणून विसरली असतीस, म्हणून कागदावर लिहितो. तीस वर्षं चेपलेल्या मोटारींचे सर्व्हे करत हिंडलेल्या माणसाचं पत्र आहे. गाडीच्या कप्प्यात आरसीशेजारी ठेवलंस तरी चालेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: एक पैसाही नाही, कारण नाव घालावंच लागत नाही.

आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो. पॉलिसीत चालकाबद्दल एक कलम असतं. अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि ते रद्द झालेलं नको, एवढीच त्याची अट. लर्निंगवाल्यालाही ते कलम सामावून घेतं, पण शेजारी लायसन्सवाला शिकवणारा आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' असेल तरच. तुझं आता पक्कं झालं. बाबांची पॉलिसी जशी बाबांना चालते तशीच ती तुलाही चालते.

इंग्लंडात लेस्टरला असलेल्या तुझ्या मामेबहिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिकडं विमा देताना चालवणाऱ्याची कुंडली मांडतात: वय काय, परीक्षा कधी पास झालात, राहता कुठं, करता काय. एकोणीस वर्षांच्या पोरीचं नाव बापाच्या पॉलिसीत जोडलं की हप्ता सहसा चांगलाच चढतो. काही कंपन्या गाडीत एक डबी बसवतात, ती वेग आणि ब्रेक मोजत राहते. रोज गाडी पोरगी चालवते आणि कागदावर मुख्य चालक बाप, असं दाखवलं तर त्याला तिकडं 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती सरळ फसवणूक धरतात.

आपल्याकडे तुझं वय कुणी विचारत नाही. यावर खूष होऊ नकोस. कंपनीनं जे विचारलं नाही ते घरानं विचारायचं असतं.

पहिला प्रश्न, पॉलिसी आहे कसली? लोक 'इन्शुरन्स आहे' म्हणतात आणि निघतो नुसता थर्ड पार्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे तो तेवढाच. तोही नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या दरानं हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये, कंपनी कुठलीही असो. त्यातून समोरच्याची भरपाई होते. जीव गेला किंवा इजा झाली तर रकमेला मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या गाडीच्या पत्र्याला त्यातून छदामही मिळत नाही, आणि शेजारी बसलेल्या तुझ्या मैत्रिणीलाही त्याचा भरवसा नाही. हात नवा आहे तोवर गाडीचं नुकसान भरून देणारी पूर्ण पॉलिसीच हवी. वर 'झिरो डेप' घ्या. ते नसलं की प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत कंपनी कापून घेते, आणि नवशिक्याचा पहिला प्रसाद मिळतो तो बंपरला. बंपर प्लॅस्टिकचा.

दुसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, म्हणून तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुझ्या स्वतःच्या हाडांचं काय? पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा असतो, पण तो 'मालक-चालका'चा. मालक बाबा आहेत. समोरच्या माणसासाठी थर्ड पार्टी आहे, पण चूक तुझी असेल तर तूही ती थर्ड पार्टी होत नाहीस. प्रवाशांसाठी जादा पैसे भरून संरक्षण मिळतं, पण चाक हातात असलेला माणूस प्रवासी धरत नाहीत. म्हणजे गाडीला, बाबांना, रस्त्यावरच्या परक्याला, सगळ्यांना छत्र आहे आणि चालवणारी पोरगी पावसात. यावर उपाय म्हणजे तुझ्या नावाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा. शिकणाऱ्या मुलांनाही तो घरच्या माणसांबरोबर घेता येतो आणि फार महागही नसतो. नाव घालायला जे पैसे लागतील असं तुला वाटलं होतं, ते इथं घाल.

तिसरा प्रश्न, तुझी चूक कुणाच्या खात्यावर पडते? बाबांच्या. गेली कित्येक वर्षं त्यांनी क्लेम घेतलेला नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर आहे. तो वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस असा पायरीपायरीनं चढतो, आणि एका क्लेमनं शून्यावर येतो. गणित करून बघ. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० धर. बाबा आज त्यातले ४,००० भरतात. क्लेमनंतरच्या वर्षी ८,००० भरतील, मग ६,४००, ६,०००, ५,२००, ४,४००, आणि सहाव्या वर्षी परत ४,०००. पाच वर्षांत जादा गेले बरोबर दहा हजार, जीएसटी वेगळा. आता बंपरचं बिल नऊ हजार झालं, त्यात सहा हजारांचा बंपर आणि तीन हजारांचं डेंटिंग-पेंटिंग. झिरो डेप नसेल तर बंपरचे तीनच हजार धरतात, आणि छोट्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये मालकानं सोसायचे असतात. हातात पडले फार तर पाच हजार. पाच हजारांसाठी दहा हजार घालवायला गॅरेजवाला आनंदानं मदत करील. तू करू नकोस. छोटा ओरखडा स्वतःच्या पैशानं काढायचा, आणि निदान अर्धे पैसे तुझ्या शिकवणीच्या कमाईतून. हात लवकर सुधारतो.

चौथं सांगतो ती माझ्या वहीतली गोष्ट आहे. हायवेला दुभाजकावर चढलेल्या एका गाडीचा सर्व्हे माझ्याकडे आला. क्लेम फॉर्मवर लिहिलं होतं, गाडी वडील चालवत होते. वडील माझ्यासमोर उभे, अंगावर साधा चरा नाही. मुलाच्या कपाळाला सात टाके आणि दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेलं, 'गाडी चालवताना अपघात'. मुलाकडे लायसन्स होतं का? होतं, अगदी तुझ्यासारखं, नवं कोरं. मग खोटं का लिहिलं? वडील म्हणाले, "पोराचं नाव पॉलिसीत नाही ना साहेब."

चिऊ, खरं लिहिलं असतं तर तो क्लेम मिळाला असता. खोट्या माहितीवरून नामंजूर झाला आणि दोन लाख ऐंशी हजारांचं बिल त्या माणसानं खिशातून भरलं. मी जे पाहिलं तेच रिपोर्टात लिहायला बांधलेला होतो, तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तू नेमका तोच प्रश्न विचारलास, म्हणून हे एवढं लांबण लावलं.

बाकीचं थोडक्यात. गाडी बिनलायसन्सच्या मित्राच्या हातात पार्किंगपुरतीसुद्धा देऊ नकोस. मालकाला ५,००० रुपये दंड आहेच, शिवाय कुणाला लागलं तर कंपनी त्याची भरपाई आधी देऊन मग बाबांकडून वसूल करू शकते. कॉलेजच्या पोरांना भाडं घेऊन सोडायचा उद्योग नको. खासगी पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही. पुण्यात सिंहगड रोडला पाणी साचलं आणि गाडी पाण्यात बंद पडली तर सेल मारू नकोस, ढकलून बाहेर काढ. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात गाड्या नुसत्या बुडल्या म्हणून मेल्या नाहीत. कित्येकांची इंजिनं मालकांनी सेल मारून मारली, आणि पाणी ओढून बसलेल्या इंजिनाचा खर्च इंजिनाचं वेगळं कव्हर नसेल तर सहसा मिळत नाही. पॉलिसीची मुदत संपायची तारीख तुझ्या फोनमध्येही घाल. संपल्यावर नव्वद दिवस उलटले की बाबांचा तो पन्नास टक्के बोनसही गेला.

आणि न होवो, पण कुणाला लागलंच, तर पळू नकोस. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे चालकाचं कायद्यानं कर्तव्य आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर कायदाही तुला तिथं थांबवत नाही, मग तिथून थेट पोलीस ठाणं गाठायचं. चोवीस तासांच्या आत पोलिसांना आणि लगोलग कंपनीला कळवायचं. गाडी हलवायच्या आधी फोटो काढ. समोरच्याशी रस्त्यावर तोंडी सौदा करू नकोस.

या रविवारी चहा झाला की बाबांना पॉलिसी काढायला सांग आणि दोघं शेजारी बसून वाचा. आरसीवर आणि पॉलिसीवर इंजिन-चॅसिसचे नंबर एकच आहेत का, नंतर बसवलेलं सीएनजी किट दोन्हीकडे चढलंय का, मुदत कधीपर्यंत, झिरो डेप आहे का, हे बघा. तुझ्या अपघात विम्याचा फॉर्म त्याच दिवशी भरून टाका.

पहिला ओरखडा येईल. सगळ्यांचा येतो, माझाही आला होता, आणि तुझ्या आजोबांपासून मी तो आठ दिवस लपवला होता. तुझा आला की गॅरेजला किंवा मला फोन करू नकोस. आधी बाबांना सांग, आणि गाडी मी चालवत होते असं सांग.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा