ताट आणि पंगत

शास्त्रपाठ : रोमकरांस १४:१ ते १५:७, गलतीकरांस २:११-१४



उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे उभी राहिली की बोलणे कोणत्या विषयांवर येते, हे आपणांस ठाऊक आहे. अमक्यांची सून टिकली लावते. तमक्यांच्या घरी रविवारी दुपारी सिनेमा चालू होता. तरुण संघाने उपासनेत ड्रम आणले, ते शोभते काय? कोणी शेजाऱ्याच्या घरचा दिवाळीचा फराळ आनंदाने खातो, कोणी तो नम्रपणे नाकारतो. कोणाच्या दंडावर क्रूस गोंदलेला असतो, तर कोणाला तेच अनीतीचे लक्षण वाटते. नागपूर असो, इंदूर असो की हैदराबाद, मराठी मंडळी जेथे आहे तेथे ही यादी थोड्याफार फरकाने आढळते.

मत असणे वाईट नव्हे. परंतु त्या मतांच्या मापाने आपण एकमेकांचा विश्वास मोजू लागलो की मंडळीत भिंती उभ्या राहतात. अशा मतांचे काय करावे, याविषयी प्रेषित पौलाने सबंध अध्याय लिहून ठेवला आहे. त्याचा आज अभ्यास करू.

१. रोममधील वाद

पौलाने हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. त्याच्या सुमारे आठ वर्षे आधी क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिले होते. अक्विला व प्रिस्किल्ला त्याच कारणाने करिंथास आली होती (प्रेषित १८:२). इ. स. ५४ मध्ये क्लौद्य मरण पावला आणि यहूदी परत येऊ लागले. मधल्या काळात मंडळी विदेशी विश्वासीयांच्या हाती वाढली होती व तिच्या चालीरीती बदलल्या होत्या. परतलेल्यांचे आणि तेथे राहिलेल्यांचे खाण्यापिण्यावरून व विशेष दिवसांवरून खटके उडू लागले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

काहीजण मांस अजिबात न खाता भाजीपाल्यावर राहत. बाजारातील मांस नियमशास्त्राप्रमाणे शुद्ध असेल याची त्यांना खात्री नव्हती. बाबेलच्या दरबारात दानिएलाने हाच मार्ग धरला होता. दुसरे म्हणत की ख्रिस्ताने आम्हांला मोकळे केले आहे, आम्ही सर्व काही खातो. दोघेही देवाचे आभार मानून जेवत. आणि दोघांच्याही मनात एकमेकांविषयी अढी होती.

२. मूळ भाषेतील तीन क्रियापदे

या अध्यायातील तीन ग्रीक क्रियापदे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले ‘एक्सुथेनेओ’, म्हणजे एखाद्याला शून्य लेखणे. हे पाप सर्व काही खाणाऱ्याचे. दुसऱ्याचा संकोच पाहून तो हसतो. दुसरे ‘क्रिनो’, म्हणजे न्याय करणे. हे पाप न खाणाऱ्याचे. तो दुसऱ्याला दोषी ठरवून मोकळा होतो. पौल एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला झिडकारत नाही. प्रत्येकाला त्याचा त्याचा मोह तो दाखवून देतो.

तिसरे क्रियापद ‘प्रोस्लांबानो’, म्हणजे आपलासा करून जवळ घेणे. १४:१ मध्ये पौल दुर्बलाला जवळ घेण्यास सांगतो. १४:३ मध्ये देवाने त्याला जवळ घेतले आहे असे म्हणतो. आणि १५:७ मध्ये हेच क्रियापद दोनदा येते, एकदा आपल्याविषयी व एकदा ख्रिस्ताविषयी. सगळ्या युक्तिवादाचा पाया येथे आहे. ज्याला धन्याने घरात घेतले त्याला चाकराने दारात अडवून चौकशी करावी, हे शोभत नाही.

१४:१३ मध्ये आणखी एक बारकावा आहे. तेथे ‘क्रिनो’ हे क्रियापद पौल एकाच वाक्यात दोन अर्थांनी वापरतो. दुसऱ्याचा न्याय करू नका. न्यायनिवाडा करायचाच असेल तर तो स्वतःच्या वागण्याचा करा, आणि भावाच्या वाटेत धोंडा ठेवणार नाही असे ठरवा. भाषांतरात ही कोटी साधणे कठीण असते, म्हणून मराठी वाचकाच्या ती सहसा लक्षात येत नाही.

पौलाचे स्वतःचे मत सर्व काही खाणाऱ्यांसारखेच होते (१४:१४, १५:१). तरी तो भाजी खाणाऱ्याला मांस खाण्याचा आग्रह करीत नाही. उलट अधिक त्याग तो सबळांकडूनच मागतो. ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्या माणसाच्या तुलनेत ताटातील घासाची किंमत ती काय, असा त्याचा प्रश्न आहे.

३. पंडिता रमाबाईंचे ताट

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. ज्या गोड पदार्थात अंडे असे तोही त्या घेत नसत. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. या विषयावर दोघींमध्ये पत्रव्यवहार झाला आणि तो आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. आपल्या पूर्वजांच्या निरुपद्रवी चाली ख्रिस्ताच्या आड येत नाहीत, ही रमाबाईंची भूमिका होती.

पुढे याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून केडगाव येथे आश्रय दिला. त्यांनी इब्री व ग्रीक भाषांतून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या अध्यायात भाजी खाणाऱ्याला दुर्बल म्हटले आहे, तोही त्यांच्याच लेखणीतून मराठीत उतरला. त्यांच्या ताटावरून त्यांच्या विश्वासाची पारख करणारा किती चुकला असता, याचा विचार करावा.

४. अंत्युखियातील पंगत

आता कोणी विचारील की, मग सर्वच गोष्टी ज्याच्या त्याच्या मतावर सोडाव्यात काय? गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय याचे उत्तर देतो. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवत असे; परंतु याकोबाकडील काही माणसे आली तेव्हा भीतीने तो पंगतीतून उठला. त्याच्यामागून इतर यहूदी उठले, आणि बर्णबाही ओढला गेला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला दोष दिला.

विषय येथेही जेवणाचाच होता. मग रोममध्ये इतका सोशीक असलेला पौल येथे इतका कठोर का? रोममधील प्रश्न ताटात काय असावे हा होता. अंत्युखियातील प्रश्न पंगतीला कोण बसावे हा होता. ताटाविषयी प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. पंगत मात्र ख्रिस्ताने आपल्या रक्ताने मांडली आहे, तेथून कोणाला उठवण्याचा अधिकार पेत्रालाही नाही.

५. आपली उलटी तराजू

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा याच्या नेमके उलटे घडते. टिकली, सिनेमा, ड्रम यांवर आपण निवाडे देतो. परंतु मुलामुलींची लग्ने ठरविताना पूर्वजांची जात विचारली जाते, तेव्हा तो “समाजाचा रिवाज” ठरतो. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी “मुलीला प्रेमाने दिले” असे म्हणून तो घेतला जातो आणि त्याच जोडप्याला वेदीपुढे आशीर्वाद मिळतो. दारूने संसार मोडतो तेव्हा “ज्याचा त्याचा प्रश्न” म्हणून आपण गप्प बसतो, पण पौलाने दारूबाजी, भांडण आणि मत्सर ही सर्व अंधाराची कामे म्हणून एकाच वाक्यात सांगितली आहेत (रोम. १३:१३). ताटाच्या गोष्टींना आपण पंगतीचे वजन देतो, आणि पंगत मोडणाऱ्या गोष्टींना मत म्हणून सोडून देतो.

म्हणून एखाद्याच्या सवयीविषयी बोलण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हे करताना तो प्रभूचे आभार मानू शकतो काय? यामुळे कोणा दुबळ्या भावाचा किंवा बहिणीचा विश्वास मोडतो काय? यामुळे कोणाला ख्रिस्ताच्या पंगतीतून उठावे लागते काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल व पुढील दोहोंचे ‘नाही’ असेल, तर आपले मत आपण आपल्यापाशी व देवापाशी ठेवावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर मौन धरणे हेच पेत्रामागून उठणे होय.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१) मागील महिनाभरात आपल्या मंडळीत कोणत्या मतांवरून वाद झाले? त्यांपैकी ताटाचे किती व पंगतीचे किती?

२) आपल्याला अधिक मोह कशाचा होतो : दुसऱ्याला शून्य लेखण्याचा, की दोषी ठरविण्याचा?

३) एखाद्या दुबळ्या भावासाठी आपण आपली कोणती मोकळीक या आठवड्यात आनंदाने सोडू शकू?

४) आपल्या मंडळीतील कोणती व्यक्ती किंवा कोणते कुटुंब आज पंगतीबाहेर बसले आहे? त्यांना जवळ घेण्यासाठी कोण जाणार?