बारा माणसांचा मैनपाट

रायपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. मे महिन्यात येथील पारा ४२-४३ अंशांवर जाऊ लागला, की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते. तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबांत अशा वेळी पचमढी, चिखलदरा ही नावे निघणे स्वाभाविकच आहे. परंतु १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाल्यानंतर सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटचे नावही आग्रहाने पुढे येऊ लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०८० मीटर उंचीच्या या पठाराला 'छत्तीसगढचे सिमला' असे म्हटले जाते. लहान मुले, वृद्ध आईवडील आणि सोयरेधायरे यांना घेऊन तेथे जायचे, तर त्या नावामागील हिशेब आधी समजून घेतलेला बरा.

साधारणपणे दर १,००० मीटर उंचीला हवेचे तापमान साडेसहा अंशांनी उतरते. रायपूर आणि मैनपाट यांच्या उंचीतील फरक सुमारे ७८० मीटरांचा, म्हणजे तापमानातील फरक सरासरी पाच अंशांचा. रायपुरात ४३ अंश असतील, त्या दुपारी मैनपाटवर ३८च्या आसपास असणार. खरे सिमला २,२०० मीटरांच्या घरात आहे, ही गोष्ट उपमा देणारे सहसा सांगत नाहीत. पहाट आणि रात्र तेथे निश्चित सुखद असतात. पण मे महिन्यातील दुपारी दहा महिन्यांच्या तान्ह्या मुलाला 'थंड हवेत' नेल्याचे समाधान मानणाऱ्यांची निराशाच होईल. मैनपाट पाहावा तो पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते, थंड हवा सखल भागात साचते आणि गवतावर चक्क दहिवर गोठते. शाळेच्या सुट्ट्या, मुलांची प्रकृती आणि थंडी या तिन्हींचा मेळ घालता दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची ठरते.

'पाट' म्हणजे या भागातील बोलीत उंचावरची सपाट जमीन. जेवायला बसण्याचा आपला पाट डोळ्यांपुढे आणला, तर या डोंगराचा आकार मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही : कडा तुटलेल्या, माथा सपाट. महाराष्ट्रातील सह्याद्री ज्या लाव्हारसाने घडला, त्याच दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडील शेवटची ठिगळे अमरकंटक आणि मैनपाट येथे आढळतात. त्याच्या माथ्यावर लाखो वर्षांच्या ऊनपावसाने जांभा तयार झाला आणि त्या जांभ्यातच ॲल्युमिनियमचे खनिज, म्हणजे बॉक्साइट, साठले. कोकणात आजोळ असलेल्या मुलाला मैनपाटची तांबडी माती ओळखीची वाटली, तर ती ओळख खोटी नव्हे.

प्रवासाचे नियोजन उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. आजी-आजोबा, दोन मुलगे व सुना, लेक व जावई आणि नऊ, सात, चार वर्षांची तीन मुले व एक तान्हे बाळ, असे बारा जणांचे कुटुंब आहे असे समजू. रायपूरहून अंबिकापूर रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर आहे. एवढा पल्ला मुलांना घेऊन दिवसभर मोटारीने गाठण्यापेक्षा दुर्ग-अंबिकापूर ही रात्रीची गाडी अधिक शहाणपणाची. सकाळी अंबिकापूरला उतरून, न्याहारी उरकून, दरिमामार्गे सुमारे ५० किलोमीटरांचा चढाचा रस्ता दिवसाउजेडी पार करता येतो.

आरक्षणाच्या वेळी एक बारकावा लक्षात ठेवावा. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शायिकांचा राखीव कोटा असतो; मात्र तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असताना लागू होतो. सर्वांनी एकत्र जायचे म्हणून आजी-आजोबांची नावे मोठ्या तिकिटात घातली, तर गुडघे धरलेल्या आजींना वरची शायिका मिळण्याचा संभव असतो. त्यांचे तिकीट स्वतंत्र काढावे. उरलेल्या आठ जणांना दोन तिकिटे लागतील, कारण एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. पाच वर्षांखालील मुलांना शायिका न घेता तिकीट लागत नाही; पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना शायिका हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, नको असेल तर निम्मे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा जुन्या आठवणीवर अंदाजपत्रक बेतू नये. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. दिवाळीसाठी तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्याजोगा आहे.

घाटात मुलांना मळमळते, त्याचे कारण पोटात नसून कानात असते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय 'आपण वळतो आहोत' असे सांगते आणि मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले डोळे 'आपण स्थिर आहोत' असे सांगतात. या विसंवादाचे पर्यवसान उलटीत होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक असतो. तान्ह्या बाळांना तो सहसा होत नाही. घाट सुरू होण्यापूर्वी तळकट खाणे टाळावे, मोबाइल काढून घ्यावा आणि मुलाला समोरचा दूरचा रस्ता दिसेल असे बसवावे. घाट उतरताना बाळ रडू लागल्यास बहुधा कान दडे बसलेले असतात. मुलांच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद आणि आडवी असल्याने हवेचा दाब लवकर सारखा होत नाही. अशा वेळी बाळाला पाजणे हा सर्वांत सोपा उपाय. चौदा वर्षांखालील मुलांना सुरक्षापट्टा किंवा बालआसन नसल्यास २०१९च्या दुरुस्त मोटार वाहन कायद्यानुसार एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे राहू द्या, पण वळणावर मांडीवरचे मूल हाताने धरून ठेवता येते, हा समज खरा नाही.

विरळ हवेचा आजार साधारणतः २,५०० मीटरांच्या वर संभवतो, त्यामुळे मैनपाटवर त्याची धास्ती नको. हीच मंडळी थेट लेहला, म्हणजे ३,५०० मीटरांवर उतरली असती, तर प्रश्न वेगळा होता. 'डोके दुखते' असे सांगता न येणारे बाळ आणि 'काही नाही, थोडे दमले' असे सांगणारी आजी, या दोघांचा आजार उशिरा कळतो. मैनपाटवर उंचीचा परिणाम दिसेल तो स्वयंपाकात. तेथे पाणी शंभर नव्हे, तर ९६-९७ अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. तेव्हा सोबत लहानसा कुकर असावा. मेतकूट आणि तूप असले, की निदान मुलांच्या भाताची चिंता मिटते.

खरी दक्षता घ्यायची ती रात्री. सरगुजाच्या थंडीत खोलीत कोळशाची शेगडी आणून देण्याची पद्धत आहे. पाहुण्यांना ऊब मिळावी, या आपुलकीनेच ती दिली जाते. दारे-खिडक्या बंद करून, मुलांना कुशीत घेऊन सारे झोपतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू सुटत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक बळकट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो आणि झोप लागलेला माणूस बेशुद्धीत कधी गेला, हे कोणालाच समजत नाही. मुलांचा श्वासाचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त असल्याने विषबाधा त्यांना आधी होते. धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही, हा तर्क येथे जीवघेणा आहे. लाल झालेला, मुळीच धूर न करणारा निखाराही हा वायू सोडतो. शेगडी अंगणात पेटवावी, तिच्याभोवती बसून गप्पा माराव्यात आणि झोपताना ती बाहेरच ठेवावी. खोलीत ऊब हवी असेल, तर जादा रजया मागाव्यात, गरम पाण्याच्या पिशव्या न्याव्यात, मुलांना टोपी-मोजे घालून झोपवावे. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचा विस्तार अधिक असल्यामुळे त्यांच्या अंगातील ऊब लवकर निघून जाते. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल आणि झरोका नसेल, तर तेथेही हाच धोका असतो. सकाळी एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके दुखू लागले आणि मळमळू लागले, तर अपचनाचे औषध शोधत बसू नये. आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालय गाठावे.

दुसरी दक्षता अंधाराची. या भागात रानहत्तींच्या कळपांचा वावर असतो. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतावे आणि वनखात्याची सूचना असेल, तो रस्ता सोडावा. हत्ती पाहण्याची मुलांची हौस त्या रात्रीपुरती चित्रावर भागवावी.

मैनपाटवर मुलांना शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. बिसरपाणी गावातील 'उलटा पानी' या ठिकाणी पाणी चढाकडे वाहते आणि न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी चढावर सरकते, असे दिसते. चुंबकीय शक्तीपासून चमत्कारापर्यंत अनेक स्पष्टीकरणे तेथे ऐकू येतात. आजूबाजूच्या जमिनीचा कल असा आहे, की उतार डोळ्यांना चढ वाटतो, हे त्यामागील कारण. ते सांगण्यापेक्षा करून पाहावे : अर्धी भरलेली पारदर्शक बाटली रस्त्यावर आडवी ठेवावी. बाटलीतील पाण्याची पातळी नेहमी क्षितिजसमांतर राहते, डोळे फसले तरी ती फसत नाही. नऊ वर्षांच्या मुलाने हे स्वतः शोधले, तर तो ते जन्मभर विसरत नाही. जलजली येथे गवताच्या थराखालची जमीन पाण्याने इतकी भिजलेली आहे, की तीवर उडी मारली असता ती गादीसारखी हलते. तेथून मुलांना परत आणणे हेच अवघड काम. टायगर पॉइंटच्या धबधब्यापाशी मात्र उलट नियम. तेथील दगड ओले व शेवाळलेले असतात. प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नेमून द्यावे, नावानिशी. बारा जणांत 'कोणीतरी पाहते आहे' असे प्रत्येकाला वाटते आणि नेमके तेव्हाच कोणीही पाहत नसते.

तिबेटी वसाहतीत अर्धा दिवस राखून ठेवावा. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींना १९६२-६३च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेशातील या पठारावर जमीन देण्यात आली. निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या व पिवळ्या पताका म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी. पंचमहाभूतांची नावे पाठ असलेल्या आजोबांना त्यासाठी मार्गदर्शकाची गरज भासणार नाही. स्तूपाला उजवी घालून फेरी घालतात, हे पाहून आजींनाही परकेपणा वाटत नाही. पाऊस सरल्यावर येथील शेते 'टाऊ'च्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. टाऊ म्हणजेच उत्तरेत उपवासाला चालणारे कुट्टू. ते गवतवर्गीय तृणधान्य नसल्याने उपवासाला मान्य झाले. घरची माणसे बेघर होऊन हजार मैलांवर आली, तेव्हा त्यांनी कोणते पीक आणि कोणती प्रार्थना सोबत ठेवली, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलालाही समजतो.

आता खर्चाविषयी. नातेवाइकांच्या सहलीत रुसवेफुगवे होतात, ते खर्च जास्त झाला म्हणून क्वचित. कोणी किती केला, हे कोणी बोलून दाखवत नाही म्हणून अधिक. तिन्ही भावंडांनी जानेवारीपासून दरमहा तीन-तीन हजार रुपये आवर्ती ठेवीत भरले, तर नऊ महिन्यांत प्रत्येकाचे २७,००० रुपये आणि वर व्याज जमा होते. दिवाळीच्या तोंडावर कोणाला उसनवारी करावी लागत नाही. प्रवासभाडे तिकिटाप्रमाणे आणि खोल्या कुटुंबाप्रमाणे वाटाव्यात. जेवणखाणासाठी मोठ्यांचा एक वाटा, मोठ्या मुलांचा अर्धा आणि लहानग्यांचा काही नाही, असे धरल्यास आपल्या उदाहरणात आठ मोठ्यांचे आठ व दोन मुलांचा एक, असे नऊ वाटे होतात. जेवणाचे १८,००० झाले, तर दर वाटा २,००० रुपयांचा. आजी-आजोबांचे ४,००० मुलांनी परस्पर वाटून घेणे रीतीला धरून आहे. पण निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजोबांना ते नेहमी रुचतेच असे नाही. त्यांना अंबिकापूर-मैनपाट गाडीभाड्यासारखी एखादी रक्कम पूर्णपणे देऊ द्यावी. जावयाचा वाटा घ्यावा की नाही, हा प्रश्न लेकीवर सोपवावा आणि तिने एकदा सांगितलेला निर्णय सासुरवाडीने पुन्हा उकरून काढू नये.

कर्मचारी-वाचकांसाठी रजा प्रवास सवलतीची एक बाब. जुन्या करप्रणालीत चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर करसूट आहे. नवी प्रणाली निवडणाऱ्यांना ती नाही. सूट फक्त भाड्यावर असते, खोली व जेवणावर नाही. 'कुटुंब' या शब्दात पतीपत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील व भावंडे येतात. सोबत आलेली जाऊ, मेहुणे किंवा भाचे येत नाहीत. प्रवास भारतातच आणि जवळच्या मार्गाने झाला पाहिजे. परदेशातून वळसा घालून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी स्टेट बँकेविरुद्ध निकाल देऊन हे स्पष्ट केले आहे. मैनपाटला जाणाऱ्यांना असा वळसा घेण्याचा मोह होण्याचे कारण नाही. तिकिटे मात्र परतल्यावर फेकून देऊ नयेत.

जमाखर्चाची वही एकाच व्यक्तीकडे असावी. ती शक्यतो थोरल्या मुलाकडे नसावी. धाकट्या सुनेकडे दिली, तर चहाच्या पैशांपर्यंतच्या नोंदी नीट होतात आणि अंबिकापूरहून परतीची गाडी सुटण्यापूर्वीच हिशेब वाचून दाखवला जातो.