नानांना दिवस सांग

आगाशी, विरार (प.)
रविवार

चि. निनाद यास,


काल बाजारात कानावर आलं ते खरं नसावं असं वाटतंय. पलीकडचे नाना वाडी गहाण टाकतायत म्हणे, केमोबरोबरच्या त्या एर्लोटिनिब गोळीपायी. "आपल्या निनादनेच सांगितलं, औषध सिद्ध झालंय," असं त्यांचा मुलगा चारचौघांत सांगत होता. अरे, किती दिवस, ते सांगितलंस का?

रात्री डोळा लागला नाही. सकाळी तुझ्या ताईकडून त्या गोळीचा 2007 चा अभ्यास मोबाइलवर काढून घेतला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे 569 रुग्ण. नुसत्या जेमसिटाबिनच्या केमोवर मध्यक आयुष्य 5.91 महिने, गोळी जोडल्यावर 6.24. असली वजाबाकी मी आठवीच्या पोरांकडून करून घ्यायचो. दहा दिवस! पी व्हॅल्यू 0.038, म्हणून सिद्ध. शिवाय पुरळ आणि जुलाब. (वर्षभराने हयात असलेले शेकडा 17 चे 23 झाले, तेही सांग. मला राग आलाय म्हणून आकडा लपवायचा नाही.)

औषधात काही दम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता किती, इतकंच ती पी सांगते. माणसं भरपूर घेतली की चिमूटभर फरकही 0.05 च्या ठरलेल्या रेषेखाली उतरतो. नाना तुला ते विचारणारच नाहीत. नातीच्या लग्नाला मी असेन का, हे विचारतील.

आणि उलटंही तूच करतोस. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, निम्म्यांची आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी केली, वीस वर्षं पाठपुरावा केला. 2021 साली छापून आलं: स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू 15 टक्क्यांनी कमी, पी 0.07. दिवाळीत जेवताना तू "निगेटिव्ह" म्हणून वाटी सरकवलीस. पन्नाशीपुढच्या बायकांत घट तीस टक्क्यांच्या आसपास होती, ती मात्र पीच्या कसोटीलाही उतरली होती. जिच्या वाट्याला मॅमोग्राफी यायचीच नाही, तिला तू काय सांगणार?

जास्त बोललो. खरं तर हा राग तुझ्यावरचा नाही.

तुझ्या आजीच्या आजारपणाच्या वेळी मी तिशीत होतो. एका डॉक्टरांनी "इंजेक्शनने फरक पडतो" म्हटलं आणि मी पानवेलीच्या वाडीचा तुकडा विकला. दर आठवड्याला तिला पहाटेच्या लोकलने मुंबईला न्यायचो. ती म्हणायची, "बाळा, सुकेळीची केळी वाळत घालायची राहिलीत." मी दटावायचो. शेकडेवारी शिकवणारा मास्तर मी, पण "किती फरक?" एवढं विचारलं नाही. तिचे शेवटचे चांगले दिवस डब्यात आणि रांगेत गेले. नाना तेव्हा आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत पिशवी धरून यायचे.

तूही बहुधा रात्रपाळीत, चार खाटा सांभाळत, घाईत बोलला असशील. घाबरलेल्या माणसाला एकच शब्द ऐकू येतो. कदाचित नाना दहा दिवसांसाठीही हो म्हणतील. म्हणू देत, पण दिवस कळल्यावर म्हणू देत.

पुढच्या रविवारी सुट्टी मिळाली तर ये. विरार फास्टमध्ये बसलास की फोन कर, मी स्टेशनवर येतो. ताई तुझ्यासाठी सुकेळी बाजूला ठेवतेय. जेवून नानांकडे जाऊ. बोलायचं तू, मी नुसता शेजारी बसेन.

तुझे,
मोठे काका